बटणाच्या गोष्टीची एकतिसावी चाचणी

पंपांच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढलेल्या त्या गृहस्थांना कारखान्याबाहेरही सगळे 'तपासनीस' म्हणत, आणि त्यात थोडी चेष्टा असली तरी खोट नव्हती. कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून पाहत. दुकानदाराने दिलेला बल्ब दुकानातच लावून बघत. घरातल्या प्रत्येक डबीवर, खोक्यावर आणि वायरीच्या वेटोळ्यावर त्यांच्या ठळक अक्षरात चिठ्ठी असे. एकदा त्यांच्या मुलीने लहानपणी गंमत म्हणून झोपलेल्या बापाच्या कपाळावरच 'बाबा – एक नग' अशी चिठ्ठी चिकटवली होती. ते उठले, आरशात पाहिलं आणि म्हणाले, "तारीख घालायची राहिली."

निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. त्यातलं एक वर्ष दवाखान्याच्या खेपांत गेलं, कारण पत्नीच्या गळ्यात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, पण आवाजाची पेटी काढावी लागली.

आवाज दुसऱ्या कुणाचा असता तरी वाईटच होतं. पण बाईंचा आवाज म्हणजे त्यांची नोकरी होती. सव्वीस वर्षं त्या बसस्थानकाच्या काचेच्या खोलीत मायक्रोफोनपुढे बसत आणि गाड्या पुकारत. बस चुकलेला माणूससुद्धा म्हणे, "गाडी गेली, पण काय गोड सांगून गेली." घरीही त्यांची तीच तऱ्हा. पानं वाढली की स्वयंपाकघरातून हाक यायची, "जेवणाची गाडी फलाट क्रमांक एकवर लागत आहे. प्रवाशांनी हात धुऊन घ्यावेत." आता स्थानकावर यंत्र बोलतं. बाईंच्या वेळी सगळं तोंडीच चाले, त्यामुळे त्यांच्या आवाजाचा एक तुकडाही तिथे कुणी जपून ठेवला नव्हता.

आता त्यांच्या गळ्याला लहानसं भोक होतं आणि त्यावर पातळ रुमाल. हातात मुलांची पुसायची पाटी असे. बोलवायचं असेल तर त्या दोन टाळ्या वाजवत. एक टाळी म्हणजे काही नाही, भांडं पडलं असं समजायचं. दोन टाळ्या म्हणजे तपासनीसांनी यायचं.

एका दुपारी मुलीचा फोन आला. ती दूरच्या शहरात राहत होती आणि तिला चार वर्षांची मुलगी होती.

"बाबा, पुढच्या महिन्यात आम्ही येतोय. पण एक गोष्ट सांगते, आईला सांगू नका."

"सांग."

"आमची चिमुरडी विचारते, आजी माझ्यावर रागावली आहे का? फोनवर नुसती बघते, बोलत नाही. मी सांगून दमले, आजीच्या गळ्याचं ऑपरेशन झालंय. तिला पटत नाही. म्हणते, तोंड तर आहे ना आजीला."

तपासनीसांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाबा, ती कॅसेट आहे ना? आई मला बटणाची गोष्ट सांगते ती? तेवढी हिला ऐकवायची. आजी बोलायची, अशी बोलायची, हे एकदा कानावर पडलं की समजेल तिला."

"आहे. अठराव्या मिनिटापासून बाविसाव्या मिनिटापर्यंत."

"पाठ आहे तुम्हाला?"

"डबीवर लिहिलंय."

बटणाची गोष्ट बाईंनी स्वतः रचलेली. मुलगी जेवायला त्रास देई तेव्हा कंडक्टरच्या शर्टाचं एक बटण तुटे आणि रोज नव्या भानगडीत सापडे. रोजची गोष्ट वेगळी. त्यातली एकच, एका रविवारी, तपासनीसांनी नव्या कॅमेऱ्याने टिपली होती. बाकीच्या हवेत विरल्या.

"मग असं करा," मुलगी म्हणाली, "कॅमेरा टीव्हीला जोडा, समोर मोबाईल धरा आणि घ्या रेकॉर्ड करून. दहा मिनिटांचं काम."

"पंख्याचा आवाज येईल."

"पंखा बंद करा."

"रस्त्यावरचे हॉर्न येतील. तुझ्या आईचा आवाज आहे तो, भंगारवाल्याच्या आरोळीसकट नको. कॉम्प्युटरवर नीट उतरवून घेतो."

"बाबा, तुमचं ते नीट म्हणजे..."

"नीट म्हणजे नीट."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅमेरा काढला. तो कापडात गुंडाळलेला आणि सुस्थितीत होता. कॉम्प्युटरला जोडायची एक छोटी डबी कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याच्या दुकानातून आणली. कॅमेऱ्यातून चित्र डबीत, डबीतून कॉम्प्युटरमध्ये, इतकाच मामला होता. चित्र म्हणजे सेकंदाला पंचवीस फोटो, एकामागून एक. कॉम्प्युटरने ते येतील तसे पकडून डिस्कवर ठेवायचे. पट्ट्यावरून येणारे पंप उचलणाऱ्या कामगाराला मध्येच शिंक आली तर दोन पंप पुढे निघून जातात, तसंच इथे. कॉम्प्युटरचं लक्ष दुसरीकडे गेलं की काही फोटो सुटतात. प्रोग्रॅमच्या तळाला त्यांचा आकडा दिसतो, 'सुटलेल्या फ्रेम'.

पहिल्या चाचणीत चार मिनिटांच्या गोष्टीत चारशे बारा फ्रेम सुटल्या.

चित्र ठेचकाळत होतं आणि त्याच्याबरोबर आवाजही. "एक होतं बट... ते होतं कंड... च्या शर्... " बाई स्वयंपाकघराच्या दारात भाजी निवडत बसल्या होत्या. स्वतःचा आवाज असा तुटत तुटत कानावर येताच त्यांचे हात थांबले. त्या उठल्या, गॅलरीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

तपासनीसांना फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून ते कानाला हेडफोन लावून बसू लागले, म्हणजे तिला त्रास नको.

मग त्यांनी एक जुनी लांबट वही काढली आणि पट्टीने रकाने आखले. चाचणी क्रमांक, तारीख, केलेला बदल, सुटलेल्या फ्रेम, साफसफाई, शेरा. कारखान्यात चाचणीच्या ओट्यावर त्यांना पहिल्या दिवशी शिकवलेला नियम असा होता, की एका वेळी एकच बदल करायचा आणि नमुना तोच ठेवायचा. पंप तोच, पाणी तेच, फक्त वायसर बदलायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की दोष कशात होता ते देवालाही सांगता येत नाही. या नियमाने त्यांनी चौतीस वर्षांत हजारो पंपांचे आजार हुडकले होते. इथेही नमुना तोच धरला, अठरावं ते बाविसावं मिनिट. कॅसेटच्या बाकीच्या भागात गॅलरीचे गज रंगवल्याचं आणि शेजाऱ्यांच्या कुत्र्याचं चित्रण होतं. त्यात चार फोटो कमी-जास्त झाले तर कळणार कुणाला? बायकोच्या आवाजात काय सुटलं ते मात्र लगेच कळेल. म्हणून प्रत्येक वेळी कॅसेट मागे फिरवायची, अठराव्या मिनिटाला आणायची आणि गोष्ट पुन्हा चालू करायची.

दुसऱ्या चाचणीत स्क्रीनसेव्हर बंद केला, तेव्हा चारशे पाच फ्रेम सुटल्या. तिसरीत व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम बंद केला, तीनशे एकाहत्तर. इंटरनेटची वायर उपटली तरी तीनशे सहासष्ट. डबीची वायर कॉम्प्युटरच्या पुढच्या भोकातून काढून मागच्या भोकात घातली तेव्हा आकडा एकदम दोनशे चाळीसवर आला आणि त्या दिवशी तपासनीसांनी दुपारच्या चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त खाल्ली.

प्रत्येक तुकडा डिस्कवर पाच-पाच जीबी जागा अडवी, आणि डिस्क भरत आली की फ्रेम आणखी सुटतात असं दुरुस्तीवाल्याने सांगितलं होतं. म्हणून चाचणी संपली की आकडा वहीत लिहायचा, नापास तुकडा पुसायचा, कचऱ्याची टोपलीही रिकामी करायची आणि डिस्कवरची विस्कटलेली जागा सलग करणारा प्रोग्रॅम चालवून मगच उठायचं. चाचणीचा ओटा दुसऱ्या पंपासाठी कोरडा करून ठेवावा, तसं.

कॅमेराही ते दर वेळी साफ करत. झाकण उघडून कापसाच्या काडीने आतला फिरता गोळा हलकेच पुसत. काडीला बारीक तपकिरी भुकटी लागे. वहीत 'साफसफाई'च्या रकान्यात ते लिहीत, 'तपकिरी भुकटी, पुसली.' खाली खाली रकान्यात तेच शब्द येऊ लागले तेव्हा त्यांनी वरच्यासारखंच अशा अर्थाच्या दोन रेघा मारायला सुरुवात केली.

दुरुस्तीवाल्याचं दुकान कोपऱ्यावर होतं. काउंटरची काच तडकलेली, आत उघडे पडलेले कॉम्प्युटर, आणि खण असे की एकात स्क्रू, चाव्या, पेनड्राइव्ह आणि अर्धी कंगवी. चाळिशीचा माणूस, जिभेने तिखट, हाताने हुशार. तपासनीस वही घेऊन आत शिरले की तो गिऱ्हाइकाला म्हणे, "थांबा हं, साहेब तपासणीला आलेत."

"आठव्या चाचणीत एकशे अठ्ठ्याण्णव," तपासनीसांनी वही पुढे केली.

"काका, कॉम्प्युटर आहे तो, पंप नाही. असा वही वाचून दोष सापडत नाही. सुटतंय म्हणजे कसं सुटतंय ते बघू दे. थोडासा नमुना आणा."

तपासनीसांनी नवव्या चाचणीतला सुरुवातीचा चाळीस सेकंदांचा तुकडा पेनड्राइव्हवर घालून दिला. दुरुस्तीवाल्याने तो एकदा पाहिला, म्हणाला, "थांबून थांबून सुटतंय. काहीतरी मधूनमधून जागं होतंय आत," आणि पेनड्राइव्ह खणात टाकला. तपासनीसांनी तो परत मागितला नाही. उसना दिलेला नमुना काम होईपर्यंत कारागिराकडेच ठेवायचा असतो.

दिवस असे जात होते. सकाळी बाईंचा रुमाल बदलायचा, भोकाभोवती पुसून द्यायचं, औषधं मोजून ठेवायची आणि दुपारी चाचणी. सतराव्या चाचणीच्या दिवशी पाठीमागे दोन टाळ्या वाजल्या. तपासनीसांनी हेडफोन काढला. बाईंनी पाटी पुढे धरली.

'नीट झालं की मलाही ऐकवा. पूर्ण.'

"तुला चालेल?" त्यांनी विचारलं. "त्या दिवशी तू उठून गेलीस."

त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं, 'तुटका नको होता.'

तपासनीसांनी मान हलवली. आता काम दोघींसाठी झालं, नातीसाठी आणि बायकोसाठी. नीट करायची जबाबदारी दुप्पट झाली.

एकोणिसाव्या चाचणीच्या शेऱ्यात पहिल्यांदा लिहिलेलं होतं, 'किंचित खरखर. वायर? नंतर पाहणे.' खरखर हा वेगळा दोष होता. एका वेळी एकच.

बाविसाव्या चाचणीत आकडा एकोणीसवर आला. चार मिनिटांत जेमतेम एकोणीस फ्रेम. तपासनीस खुर्चीवरून उठून स्वयंपाकघरात गेले.

"एकोणीस राहिल्या."

बाई पोळपाट बाजूला करून लिहू लागल्या, 'झालं की मग. इतक्या चालतील.'

"एकोणीस म्हणजे जवळजवळ एक सेकंद. तुझा एखादा शब्द जातो त्यात."

'जन्मभर बोलले. एक गेला तर काय होतं?'

"वा गं वा! सव्वीस वर्षांत एक गाडी चुकीच्या फलाटावर पुकारली नाहीस, आणि आता म्हणतेस एक शब्द गेला तर काय होतं."

बाई हसल्या. त्यांच्या हसण्याला आता आवाज नव्हता, फक्त गळ्याजवळचा रुमाल थरथरला. पाटीवर आणखी काही लिहायला त्यांनी खडू टेकवला होता, पण तपासनीस तोवर परत फिरले होते. त्यांनी आकडा लिहिला, तुकडा पुसला, टोपली रिकामी केली, जागा सलग केली.

त्यानंतर आकडा हलेना. एकवीस, अठरा, एकोणीस, वीस. पुढचे चार दिवस ते फोनवर मुलीला फक्त "चालू आहे" एवढंच सांगत होते.

"बाबा, आम्ही शुक्रवारी निघतोय. झालं नसलं तर मोबाईल..."

"होईल."

दुरुस्तीवाल्याने आणखी एक उपाय सांगितला. उतरवून घेताना चित्राची खिडकी पूर्ण बंद ठेवा आणि आवाजही ऐकू नका, कॉम्प्युटरला तेवढंच ओझं कमी. सव्विसाव्या चाचणीपासून तपासनीस काळ्या पडद्यापुढे बसून नुसता तळाचा आकडा पाहू लागले. कॅमेरा घरघरत असे, कॅसेट फिरत असे आणि आकडा दर दोन मिनिटांनी टपकन पुढे सरके.

बुधवारी दुपारी दुरुस्तीवाला स्वतःच घरी आला. बाईंनी त्याला पाणी दिलं. त्याने खुर्ची ओढली, माऊस फिरवला, आणि पाच मिनिटांत कपाळावर हात मारला.

"काका, हे काय आहे?"

पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीक हिरवं चिन्ह होतं.

"ते? ते माझं आहे. मागे एकदा डिस्क गेली होती तेव्हापासून बसवलंय. प्रत्येक कागद दोन ठिकाणी हवा. इथे काही बदललं की ते दुसऱ्या डिस्कवरही आपोआप होतं."

"दर किती वेळाने?"

"दोन मिनिटांनी."

"दोन मिनिटांनी! काका, कसली गुपितं सांभाळताय तुम्ही? तो बिचारा एका हाताने चित्र पकडतोय आणि दुसऱ्या हाताने तेच चित्र शेजारच्या घरी पोचवतोय. मग फ्रेम सुटणार नाहीत तर काय होईल? काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

तपासनीस ओशाळले. तीस चाचण्यांत त्यांनी सगळ्यांवर संशय घेतला होता, फक्त स्वतःच्या शिस्तीवर नाही. दुरुस्तीवाल्याने हिरवं चिन्ह बंद केलं, चहा नको म्हणाला आणि गेला.

एकतिसावी चाचणी. कॅसेट मागे फिरवली, अठराव्या मिनिटावर आणली. पडदा काळा, कान मोकळे. पहिलं मिनिट, शून्य. दुसरं मिनिट झालं, ते श्वास रोखून बसले, शून्य. तिसरं, चौथं. तपासनीसांनी वहीत शून्य लिहिलं आणि त्याखाली पट्टीने दोन रेघा ओढल्या. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतः दोन टाळ्या वाजवल्या.

बाई हात पुसत आल्या. त्यांनी केस सारखे केले, रुमाल नीट केला आणि खुर्चीत ताठ बसल्या, पूर्वी मायक्रोफोनपुढे बसत तशा.

"सगळ्या आल्या," तपासनीस म्हणाले. "एकही सुटली नाही. ऐक."

पडद्यावर पांढऱ्या रेघा आल्या. रेघांमागे एक खोली होती, खोलीत एक बाई होती आणि तिच्या पुढ्यात एक लहान मुलगी. बाईचं तोंड हलत होतं. आवाज मात्र नळाखाली बादली भरावी तसा, नुसता फस्स, आणि त्यात कुठेतरी खोल, भिंतीपलीकडून कुणी बोलावं तसं काहीतरी. मध्येच पडदा निळा झाला. पुन्हा रेघा. चार मिनिटं न ठेचकाळता, न अडखळता, एकही फोटो न सुटता ती रेघांची झड चालू राहिली.

"वायर असेल," तपासनीस म्हणाले. "ती खरखर मी लिहून ठेवली आहे. तो वेगळा दोष आहे."

त्यांनी वायर बदलली. तीच खरखर. कॉम्प्युटर बाजूला ठेवून कॅमेऱ्याच्या लहान पडद्यावरच लावून पाहिलं. तिथेही रेघा. कॅसेट पहिल्या मिनिटाला नेली, तर गॅलरीचे गज लख्ख, ब्रशवरचा रंगाचा थेंबसुद्धा दिसला. अठरावं मिनिट आलं आणि पुन्हा रेघा. बाविसाव्यानंतर शेजाऱ्यांचं कुत्रं खणखणीत भुंकलं.

त्यांनी दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"काका, कॅसेट जुनी आहे. किती वेळा लावलीत?"

"एकतीस."

"आणि तेवढाच भाग?"

"नमुना तोच ठेवावा लागतो."

दुरुस्तीवाल्याने विचारलं, "साफ करताना काही निघत होतं का?"

"तपकिरी भुकटी. दर वेळी पुसत होतो."

"अहो काका," दुरुस्तीवाल्याचा आवाज उतरला, "टेपवरचा लेप झडतो तो, त्या भुकटीतच तर सगळं असतं."

लोखंडाचा पंप एकतीस वेळा चालवला तर एकतीस वेळा तेवढंच पाणी देतो. कॅसेटही तशीच असेल, असं कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं. त्यांनी वही उघडली आणि साफसफाईचा रकाना वरून खाली पाहिला. 'तपकिरी भुकटी, पुसली.' आणि त्याखाली दोन रेघा, दोन रेघा, दोन रेघा, पानाच्या तळापर्यंत.

बाई उठल्या नाहीत, रागावल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी पाटीवर एकच शब्द लिहिला, 'चहा?' तपासनीसांनी मान हलवली, ती हो म्हणून की नको म्हणून ते त्यांनाही कळलं नाही.

मग एकाएकी ते उठून उभे राहिले. दुसरी डिस्क! हिरवं चिन्ह! प्रत्येक कागद दोन ठिकाणी. म्हणजे बाविसावी चाचणी, ती एकोणीसवाली, तिथे असणारच. चहा तसाच टाकून त्यांनी दोन्ही डिस्क पिशवीत घातल्या आणि दुकान गाठलं.

दुरुस्तीवाल्याने डिस्क लावली. "एकही तुकडा नाही, काका. तुम्ही इथे पुसलंत की त्याने तिथेही पुसलं. तुम्हीच तसं लावून दिलंय, इथे जे ते तिथे."

"पुसलेलं परत काढता येतं म्हणतात."

"येतं, बघतो." त्याने कुठलासा प्रोग्रॅम चालवला. दोन तास तपासनीस स्टुलावर बसून होते. गिऱ्हाइकं आली, गेली. कुणाचा प्रिंटर कागद खात होता, कुणाला पासवर्ड आठवत नव्हता. शेवटी दुरुस्तीवाला मान हलवत म्हणाला, "पुसल्यावर तुम्ही दर वेळी जागा सलग केलीत आणि त्यावरच पुढचा तुकडा लिहिलात. जरा पसारा असता ना, काका, तर काहीतरी सापडलं असतं. तुम्ही इतकं नीट आवरलंय की चोरालासुद्धा मागमूस लागायचा नाही."

बोलून झाल्यावर त्यालाच कसंसं झालं. त्याने खण ओढला, स्क्रू आणि चाव्या चाळल्या आणि एक पेनड्राइव्ह काढला. "तुमचा तो नमुना. तेवढाच आहे."

गुरुवारी दुपारी दोघं कॉम्प्युटरपुढे बसले. मुलगी आणि नात दुसऱ्या दिवशी निघणार होत्या. तपासनीसांनी हेडफोनची वायर काढून टाकली आणि आवाज मोठा केला. पंखा चालू होता, तो बंद करायचं त्यांना सुचलं नाही.

चित्र स्वच्छ होतं. ठेचकाळत होतं, पण स्वच्छ होतं. बाईंचा तिशीतला चेहरा, हातात घास, आणि आवाज. तोच आवाज.

"एक होतं बटण. ते होतं कंडक्... च्या शर्टाचं. वरून दुसरं. एके दिवशी बसला असा गचका बसला... टुण्णकन! बटण गेलं घरं... घरंगळत, सीटखालून, चपलांमधून, आणि थांबलं ते... जवळ. बटण म्हणालं, अहो, जरा पाय उच... मला पुढच्या स्टॉपला..."

आणि लहान मुलीने, तोंडात घास तसाच ठेवून, विचारलं, "मग?"

तिथे चाळीस सेकंद संपले.

बाईंचा एक हात रुमालावर होता. दुसऱ्या हाताने त्यांनी खूण केली. तपासनीसांनी पुन्हा लावलं. मग पुन्हा. हे आता कितीही वेळा लावलं तरी झिजणार नव्हतं. चौथ्यांदा 'मग?' झालं तेव्हा बाईंनी पाटी घेतली आणि लिहिलं, 'पुढे काय होतं?'

"तुला आठवत नाही?"

त्यांनी मान हलवली. 'रोज वेगळी सांगायचे. ही कुठली कोण जाणे. तुम्ही सांगा. तुम्ही तर इतक्यांदा ऐकलीत.'

तपासनीस बोलायला गेले आणि थांबले. पंचवीस वेळा ती गोष्ट त्यांच्या कानात, अगदी कानाच्या आत, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजली होती. त्यांनी ती ऐकली होती, पण आवाज कुठे तुटतो तेवढंच ऐकलं होतं. डोळे आकड्यावर होते. बटणाने पुढे काय केलं, ते घरी पोचलं की नाही, कंडक्टरला सापडलं की नाही, यातलं काहीही त्यांना सांगता येईना. त्यांनी डोळे मिटून पाहिलं. फक्त आकडे आले.

त्यांनी वही ओढली. दोन ठिकाणी, आवाज नेमका कुठे तुटला ते लिहिताना, मिनिट-सेकंदाऐवजी शब्द लिहिला गेला होता. चाचणी अकरा, शेरा, 'छत्री'पाशी चार फ्रेम. चाचणी चौदा, शेरा, 'आंधळ्या आजोबां'पाशी दोन.

"छत्री होती," ते म्हणाले. "आणि एक आंधळे आजोबा होते."

बाईंनी भुवया उंचावल्या. त्या वहीवर वाकल्या, ते दोन शेरे बोटाने वाचले, वरखाली पानं उलटून आणखी काही आहे का पाहिलं. बाकी सगळे आकडे. मग त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं.

'छत्री कुणाची? आजोबांची?'

तपासनीस वहीकडे पाहत राहिले. "माहीत नाही गं," ते म्हणाले. "खरंच माहीत नाही."

बाई खडू पाटीवर टेकवून बसल्या, पुढचं कुणी सांगेल म्हणून वाट पाहणाऱ्या माणसासारख्या. मग त्यांनी खडू खाली ठेवला. नात आली की चाळीस सेकंद ऐकणार होती, आणि तिलाही पडणारा प्रश्न पडद्यावरच्या मुलीने आधीच विचारून ठेवला होता.